स्वच्छ निघालेली काच

इस्पितळाच्या कमिटीचे सेक्रेटरीसाहेब खुर्चीत बसले होते आणि आम्ही दोघी उभ्या होतो. दोघी म्हणजे डॉक्टर पिरोजाबाई आणि त्यांच्या हाताखालची नर्स, मी. पिरोजाबाईंना खुर्ची दिली होती. पण भांडायचं असलं की त्या बसत नसत.

भांडण थेंबांचं होतं. एका कापडवाल्या शेठची सून आमच्याकडे बाळंत झाली होती. मूल धडधाकट. जन्मल्याबरोबर रीतीप्रमाणे त्याच्या डोळ्यांत एकेक थेंब घातला. दुसऱ्या दिवशी डोळे लाल झाले, पापण्या सुजल्या. त्याच्या पुढच्या दिवशी उतरलंही. पण मधल्या दिवशी आजी येऊन बघून गेली होती, आणि शेठ इस्पितळाला दरसाल देणगी देत.

साहेब म्हणाले, "डोळे चांगले असताना औषध घालायचं कशाला? बिघडले म्हणजे घाला."

"बिघडल्यावर घालून उपयोग नाय, साहेब. तेच तर सांगते नी मी."

"लोक म्हणतात, पोर चांगलं जन्मतं आणि तुम्ही लाल डोळ्यांचं करून हातात देता."

"लाल डोळे पांढरे होतात. आंधळे डोळे नाय होत."

साहेबांनी घड्याळाची साखळी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. म्हणाले, कमिटीचं ठरलं आहे. ज्या बाईला रोग आहे तिच्याच मुलाला थेंब घाला. घरंदाज बायकांच्या मुलांना नको. हा गिरणीतल्या लोकांचा रोग आहे, असं कमिटीतल्या एका गृहस्थांचं म्हणणं पडलं, तेही त्यांनी ऐकवलं.

"आणि रोग कुणाला आहे ते मी कसं ओळखू? कपाळावर लिहिलेलं असते?"

"ते तुमचं शास्त्र. तुम्ही ओळखा."

पिरोजाबाई पारशी. ग्रँट रोडला वाढलेल्या, विलायतेतून शिकून आलेल्या. त्यांचं मराठी तसलंच, पण राग आला की चांगलं स्पष्ट येई. जिना उतरताना मला म्हणाल्या, "ठीक. ओळखूनच दाखवते."

हे प्लेगाच्या आधीचं आहे. ठाकूरद्वाराच्या बाजूला बायकांचं हे लहानसं इस्पितळ होतं. नाव सांगत नाही, आता त्या जागी दुसरंच काही आहे. मी मराठी चौथीपर्यंत शिकलेली. लग्न झालं, नवरा गेला, आणि सासरी भांडी घासत म्हातारी होण्यापेक्षा बाळंतपणाचं काम शिकलेलं बरं म्हणून आले. त्यात मोठेपणा काही नव्हता. पोट होतं.

आता रोगाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. परमा नावाचा रोग आहे. लघवीला जळजळ होते, अंगावरून पिवळं जातं. पुरुष बाहेरून आणतो आणि घरी बायकोला देतो. त्याला थोडे दिवस त्रास होतो, मग थांबतो, आणि आपण बरे झालो असं तो समजतो. बाईला पुष्कळदा काही कळतच नाही. कळलं तरी बाईच्या जातीला असं व्हायचंच म्हणून गप्प बसते. रोग आत राहतो. मूल त्याच वाटेनं बाहेर येतं आणि ती घाण त्याच्या डोळ्यांत जाते. पहिल्या दिवशी डोळे लख्ख असतात. मग सुजतात, पू येतो, बुबुळ सडतं. देवळाबाहेर जन्मांध म्हणून बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यांतली पुष्कळशी जन्मताना आंधळी नव्हती.

थेंब म्हणजे सिल्व्हर नायट्रेटचं पाणी. आम्ही कास्टिक म्हणत असू. हाताला लागलं तर बोट काळं पडतं, आठवडाभर जात नाही. डोळ्याला झोंबतं, पण रोग रुजायच्या आत मारतं. रुजल्यावर नाही. म्हणजे औषध घालायचं ते डोळे चांगले दिसत असताना. ही गोष्ट माणसाच्या गळी उतरवणं फार कठीण. दुखत नाही तिथे औषध कोण लावून घेतो? मला स्वतःला पटायला वेळ लागला होता, तर शेठच्या आजीला काय दोष देऊ.

पिरोजाबाईंनी काढलेली युक्ती अशी. पोटुशी बाई सातव्या-आठव्या महिन्यात इस्पितळात यायची. तिला तपासायचं, आतल्या ओलाव्याचा जरासा बोळा घ्यायचा, तो काचेच्या पट्टीवर फासायचा. या पट्टीला स्लाइड म्हणतात. ती दिव्यावर सुकवायची, निळ्या रंगात बुडवायची, धुवायची आणि मायक्रोस्कोपखाली ठेवायची. मायक्रोस्कोप पिरोजाबाईंचा स्वतःचा होता, विलायतेहून आणलेला. त्यांनी मलाही एकदा दाखवलं. परम्याचे जंतू जोडीजोडीनं असतात. सोललेल्या वालाच्या दोन डाळी समोरासमोर ठेवाव्यात, तसे. दिसले तर त्या बाईनं इस्पितळात येऊनच बाळंत व्हायचं आणि मुलाला थेंब घालायचे. नाही दिसले तर थेंब नाहीत, आणि घरी बाळंत व्हायलाही हरकत नाही. खाटा थोड्या होत्या. सगळ्यांना ठेवणं शक्य नव्हतं.

पण बाया याव्यात कशा? कळा लागल्याशिवाय इस्पितळाची पायरी कोणी चढत नसे. चढली तर घरात कोणीतरी मरायला टेकलंय, अशी लोकांची समजूत. पिरोजाबाईंनी लालबागेतल्या गिरण्यांच्या मुकादमणींना गाठलं. त्या रिळाच्या खात्यातल्या पोटुश्या बायांना पाठवू लागल्या. त्या बाया कामावरून तशाच येत. केसांत कापूस, पायांना धूळ, अंगाला तेलाचा वास. टेबलावर झोपायला लाजत, मग एकमेकींना चिडवत. एक म्हणाली, "नवऱ्यानं बघितलं नाय इतकं ही डाक्तरीण बघते." पिरोजाबाई तिच्यापेक्षा मोठ्यानं हसल्या.

त्यांच्यातल्या काहींच्या काचेवर वालाच्या डाळी निघाल्या. त्यांना सांगितलं, त्या इस्पितळात बाळंत झाल्या, मुलांना थेंब पडले, डोळे वाचले. गिरगावातल्या, ठाकूरद्वारातल्या कारकुनांच्या बायकाही हळूहळू सासूच्या आडून येऊ लागल्या. त्यांच्या काचा स्वच्छ निघाल्या. जवळजवळ सगळ्यांच्या. साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. म्हणाले, कमिटी म्हणत होती तेच निघालं. पिरोजाबाईंना हे खटकलं. मला म्हणाल्या, या बायकांचे नवरे काय देवमाणसं असतात? पण काचेत नसेल ते त्या कुठून दाखवणार?

हिराबाय तिथे आली ती अशी.

हिराबाय शिवडीच्या कोळीवाड्यातली. रोज मासळीची पाटी घेऊन चिंचपोकळीवरून गिरगावात यायची आणि वाडीवाडीतून विकायची. आमच्या इस्पितळाच्या मागच्या दारी बसून पान लावायची तिची सवय. नाकात नथ, दंडात चांदीचं कडं, आवाज असा की ठाकूरद्वाराच्या टोकाला ऐकू जावा. गिऱ्हाईक असलेल्या बायका तिच्याशी भाव करताना पदर नाकाला लावत. ताजी मासळी घ्यायची तिच्याकडून आणि नाक धरायचं तिच्यासमोर. ती तोंडावर काही बोलत नसे. पाठ वळली की मला म्हणे, "बघ नर्सबाय. पापलेट खाताना वास नाय येत तिला."

तिची एकुलती एक मुलगी तानी. माझगावला दिलेली. जावई गोदीत बोटीवर खलाशी. तानीची आधी दोन मुलं पोटातच गेली होती. हे तिसरं टिकलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ओटी भरून तिला शिवडीला आणली होती. आम्ही काय तपासतो ते हिराबायला गिरणीतल्या बायांकडून कळलं होतं. ती पिरोजाबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली.

"डाक्तरीणबाय, माझे पोरीला पण बघ. दोन पोरं गेली तिची. हे एक पोर मना धड पाहिजे. डोळे, हात, पाय, सगळं."

"घेऊन ये नी."

ती घेऊन आली. तानी अगदी कोवळी. नवं हिरवं लुगडं, वेणीत अबोली, अंगाला चंदनाचा वास. पाटी घरी ठेवून हिराबायही धुतलेलं लुगडं नेसून आली होती. तपासायच्या आधी पिरोजाबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. लघवीला जळजळ होते का? अंगावरून जातं का? तानी खाली बघत राहिली. तिच्या वतीनं आईच बोलली. नाय, काय नाय, माझी पोर चांगली हाय. आपल्याकडे असंच असतं. मुलीचं आई सांगते, सुनेचं सासू सांगते, आणि जिचं दुखतं ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरते.

बोळा घेतला. पिरोजाबाई बाहेर आल्या त्या खूश होऊन. म्हणाल्या, "मथुरा, इतकी स्वच्छ बाई मी इथे बघितली नाय. या कोळणीपासून गिरगावच्या बायकांनी शिकायला पाहिजे." हे त्यांनी हिराबायच्या देखत सांगितलं. हिराबायचा चेहरा असा झाला की जणू तिच्या पाटीतली सगळी मासळी एका दमात विकली गेली.

काच स्वच्छ निघाली. पिरोजाबाईंनी दोनदा बघितली. घरी बाळंत व्हायला हरकत नाही म्हणून सांगितलं. कोळीवाड्यात जुनी सुईण होती. तिला नाळ कापायची कात्री उकळून घ्यायला सांग, हात साबणानं धू म्हणावं, एवढं मी हिराबायला बजावलं. तिनं ऐकलं. सुईणीनंही ऐकलं, हे पुढे कळलं. बाळंतपण उत्तम झालं. मुलगी झाली. हिराबायनं इस्पितळात साखर वाटली. पिरोजाबाईंच्या हातावर ठेवताना म्हणाली, "डोळे बघ कशी उघडते, माशासारखे."

मग ती दिसेनाशी झाली. बाळंतीण घरात आहे, मासळी कोण विकणार, असं मी समजले.

पाचवी पुजून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक रेकला दारात येऊन उभा राहिला. आत तानी, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं मूल, आणि हिराबाय पुढे बैलवाल्याच्या शेजारी. मी दुपटं बाजूला केलं. दोन्ही पापण्या लिंबाएवढ्या सुजलेल्या, काजळानं काळ्या झालेल्या. कडेनं पिवळा पू वाळून बसलेला.

"कधीपासून?" मी विचारलं.

पाचवीच्या आधीपासून, असं कळलं. डोळे आलेत, होतील बरे, म्हणून सुईणीनं अंगावरच्या दुधाची धार सोडायला सांगितली. मग काजळ घातलं. सूज वाढली तेव्हा हिराबाय इस्पितळात यायला निघाली होती. पण पाचवी पुजल्याशिवाय बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो. सटवी कोपते. दोन पोरं गेलेल्या बाईला सटवीची भीती किती, ते मी सांगायला नको. आणि मुलाला काही मोठं झालं असेल, असं हिराबायला वाटलंच नाही. तिचं म्हणणं, डाक्तरीणबायनं काच बघितली होती. रोग नाय म्हणाली होती.

पिरोजाबाईंनी मुलीला टेबलावर घेतलं. मी डोकं धरलं. अशी पापणी उघडताना तोंड बाजूला करायचं असतं, नाही तर पू उडून तुमच्याच डोळ्यात जातो, आणि मग तुमचाही डोळा जातो. त्यांनी डावी पापणी उलटली. बुबुळ फुटलेलं होतं. आतला भाग काळ्या मण्यासारखा बाहेर आला होता. तो डोळा गेला होता. उजवी उलटली. बुबुळावर दुधी पडदा होता, आणि मध्ये एक खळगा.

"हा वाचला पाहिजे," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःला, ते कळलं नाही.

त्या एका डोळ्यासाठी आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते. कोमट बोरिकच्या पाण्यानं घटकेघटकेला डोळा धुवायचा. पापणीच्या आत कास्टिक लावायचं. फुटलेल्या डोळ्याचा पू वाचलेल्या डोळ्यात जाऊ नये म्हणून मुलीला कुशीवर, डाव्या अंगावर निजवायचं आणि तशीच धरून ठेवायची. मी, दुसरी एक नर्स आणि हिराबाय, आळीपाळीनं. तानीला लांब बसवली होती, फक्त पाजायला जवळ. ती रडत नव्हती. छताकडे बघत बसायची.

हिराबाय मुलीला धरून बसली की हलत नसे. तिचे हात मासळी कापून कापून चिरा पडलेले, पण मुलीचं डोकं असं धरी की आमच्यापेक्षा बरं. पहिल्या दिवशी पू कमी झाला. पिरोजाबाई म्हणाल्या, खळगा भरून आला तर फूल राहील, पण बाजूनं थोडं दिसेल. फूल म्हणजे बुबुळावरचा पांढरा डाग. मी हिराबायला सांगितलं. ती म्हणाली, फूल चालेल. एका डोळ्यानं बघणाऱ्या बाया कोळीवाड्यात आहेत. लग्न होतं त्यांचं. मासळी विकता येते.

मग खळगा खोल गेला. एका दुपारी मी पापणी उचलली तर बुबुळ फुटून सपाट झालेलं. मी पिरोजाबाईंना हाक मारली. त्यांनी बघितलं, पापणी सोडली, हात धुतले. कितीतरी वेळ धूत राहिल्या.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांच्यातल्या डॉक्टरनं केलं. तानीला आत घेतलं आणि पुन्हा बोळा घेतला. काच रंगवली, मायक्रोस्कोपखाली ठेवली. मला बोलावलं. वालाच्या डाळीच डाळी. जिकडे बघावं तिकडे.

"मग तेव्हा कुठे होते हे?" त्या म्हणाल्या.

त्यांनी हिराबायला आणि तानीला समोर बसवलं. आईला म्हणाल्या, आता तू बोलायचं नाय, तिला बोलू दे. तानीला तेच प्रश्न विचारले. तानी हळूहळू सांगू लागली. जळजळ लग्नानंतर सुरू झाली. अंगावरून जात होतं, पोट राहिल्यावरही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, उष्णतेचं आहे, मलाही झालं होतं, जातं आपोआप.

"मी बघितलं तेव्हा तर काय नव्हतं. अगदी कोरडं, स्वच्छ. त्या दिवशी काय केलंस तू?"

तानीनं आईकडे बघितलं.

"तिनं नाय. मी केलं," हिराबाय म्हणाली. "मीच धुतली तिला. पहाटे उठवली, तुरटीचे पाण्यानं आतून बाहेरून धुतली. कडुलिंबाचा पाला उकळला, त्यानं परत धुतली. चंदन लावलं. तुम्ही कोळणीची पोर म्हणून नाक धरणार. माझ्यासमोर धरतात ते धरू देत. पोरीचे अंगाला वास येतो असं मना कोणी बोलायला नको होतं."

पिरोजाबाईंनी टेबलावरची काच उचलली आणि परत ठेवली.

"तू बोललीस नं, किती स्वच्छ पोर. मना किती बरं वाटलं." मग तिनं विचारलं, "मग धुवायचं नव्हतं काय?"

तुरटी कशी असते ते घराघरांत माहीत आहे. गढूळ पाण्यात फिरवली की गाळ खाली बसतो, पाणी वर निवळ दिसतं. गाळ गेलेला नसतो. पिरोजाबाईंच्या पुस्तकांत तपासणी कशी करायची ते सगळं होतं. तपासायला यायच्या आधी बाईला तिची आई तुरटीनं धुऊन आणते, हे नव्हतं. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या देशात बहुधा तसं करत नसतील.

पुढच्या तपासणीच्या दिवशी आम्ही आलेल्या प्रत्येक बाईला विचारलं, यायच्या आधी काय केलंस? कारकुनांच्या बायका आधी लाजल्या, मग सांगू लागल्या. कोणी तुरटी, कोणी त्रिफळ्याचं पाणी, कोणी नुसतंच पण दोन-दोन वेळा. एकीनं तर आदल्या दिवसापासून. डॉक्टरणीसमोर घाण घेऊन कोण जाईल, असं तिनं उलट मलाच विचारलं. गिरणीतल्या बायांना विचारलं तर त्या हसल्या. चाळीत प्यायच्या पाण्यासाठी नळावर मारामारी, आणि धुवायचं कुठून? कामावरून सरळ आलो, म्हणाल्या.

तेव्हा उलगडलं. आमची तपासणी रोग शोधतच नव्हती. कुणाकडे पाणी आहे आणि कुणाकडे नाही, एवढंच ती दाखवत होती. ज्यांना धुवायला मिळालं नाही त्यांचा रोग सापडला आणि त्यांची मुलं वाचली. ज्या धुऊन, नटून, अबोली माळून आल्या त्यांना आम्ही स्वच्छ म्हणून घरी पाठवलं. त्यांच्यातल्या किती जणींची मुलं आंधळी झाली ते मला माहीत नाही. त्या परत आल्या नाहीत. ज्या घरात मूल आंधळं झालं ते घर इस्पितळाकडे पुन्हा कशाला बघेल? हिराबाय आली म्हणून एकीचं कळलं.

पिरोजाबाई साहेबांकडे गेल्या. मीही होते. यावेळी त्या खुर्चीत बसल्या. सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, थेंब सगळ्यांना घालायला पाहिजेत. श्रीमंत असो, गरीब असो, काच स्वच्छ निघो नाय तर घाण. विचारायचंच नाय.

साहेब सगळं ऐकून घेत होते. माणूस वाईट नव्हता. मूल आंधळं झालं म्हणून त्यांना खरंच वाईट वाटलं.

"म्हणजे तुमची तपासणी चुकते," ते म्हणाले.

"चुकते."

"मग ती बंद करायला पाहिजे. चुकीची तपासणी करून लोकांना त्रास कशाला?"

"आणि थेंब?"

"तपासणीच नाही तर रोग कुणाला ते कळणार कसं? आणि कळल्याशिवाय थेंब नाहीत, हे कमिटीचं ठरलेलं आहे."

मला वाटलं, आता पिरोजाबाई भांडायला उठतील. उठल्या नाहीत.

दोन्ही बंद झालं. थेंबांचा विचार कमिटीच्या पुढच्या बैठकीत करू, असं आश्वासन मिळालं. पुढच्या बैठकीत गच्चीच्या गळतीचा विषय होता. मग प्लेग आला. त्यानंतर कमिटी प्लेगाखेरीज दुसरं काही बोललीच नाही, आणि तिला दोष देण्यातही अर्थ नाही, माणसं रस्त्यावर मरत होती. पिरोजाबाईंच्या स्वतःच्या हातून जी बाळंतपणं होत त्यांत त्या कुणालाही न विचारता थेंब घालत. आजी विचारायला आली की म्हणत, डोळे धुते. पण एका माणसाच्या हातून किती बाळंतपणं होणार? प्लेगात पहिल्याच साली त्या गेल्या. मायक्रोस्कोप त्यांच्या भावानं नेला.

तानीच्या नवऱ्याला पिरोजाबाईंनी बोलावून घेतलं होतं, ते सांगायचं राहिलं. तो आला, दारात टोपी काढून उभा राहिला. रोग तुझ्याकडून आला, औषध घे, म्हणून सांगितल्यावर म्हणाला, "मला तर काहीच होत नाही आता." तो खोटं बोलत नव्हता. पुढे माझगावच्या लोकांनी ठरवलं की तानीच्या अंगातच खोट आहे, दोन पोरं गेली, तिसरी आंधळी. त्याचं दुसरं लग्न लावून दिलं. तानी शिवडीलाच राहिली.

हिराबाय पुन्हा पाटी घेऊन गिरगावात यायला लागली. मागच्या दारी बसत नसे. पुढे पुढे कोळीवाड्यातली कोणतीही पोटुशी आमच्याकडे आली नाही. मी एकदा जाऊन विचारलं. हिराबाय म्हणाली, मी कोणाला येऊ नको नाय बोलत. पण या पण नाय बोलत.

मुलीचं नाव त्यांनी चंपा ठेवलं. पाच-सहा वर्षांची असताना मी तिला बघितली. ओट्यावर बसून सुकट निवडत होती, बोटांनी खडा आणि काटा बाजूला काढत. बायका कौतुक करत होत्या की बघ कशी निवडते, डोळसांपेक्षा चांगली. मी कौतुक केलं नाही. सुकट निवडायला ती जन्मली नव्हती.

पुढे बऱ्याच वर्षांनी वरूनच हुकूम निघाला आणि जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला थेंब सुरू झाले. आता कोणी कारण विचारत नाही, आजीसुद्धा नाही. मी नव्या नर्सांना शिकवायची तेव्हा सांगत असे, बाई कशी दिसते ते बघू नका, तिच्या घरचे काय म्हणतात ते ऐकू नका, आणि काच स्वच्छ निघाली म्हणून निश्चिंत होऊ नका. मूल बाहेर आलं की डोळे पुसा आणि थेंब घाला. एक दिवस लाल राहतील. राहू देत.

हे शिकायला आम्हाला चंपाचे डोळे लागले. ते शहाणपण पुढे दुसऱ्यांच्या मुलांना उपयोगी पडलं असेल. चंपाला पडलं नाही.